मठपती सरांची सातवी

मठपती सरांचा लातूरला जंगी सत्कार होणार आहे. हॉल ठरला, शाल-श्रीफळ ठरलं, वक्ते ठरले, आणि स्मरणिकेसाठी जुन्या विद्यार्थ्यांचे लेख गोळा करायचं काम आमच्या बॅचच्या गजाननकडे आलं. त्यानं मला फोन केला. "दोन पानं दे. गुरुवर्य, शिस्त, आमची घडण, असलं काहीतरी. तुला लिहायला येतंय."

मी म्हटलं, "मला ते कधीच आवडले नाहीत."

"कुणाला आवडत होते? पण आता म्हातारे झालेत ना. तू लातुरातच प्रॅक्टिस करतीस, तू नाही लिहिलंस तर बरं दिसणार नाही."

म्हातारं होणं म्हणजे काही कुणावर उपकार करणं नव्हे. मी गजाननला दोन पानं दिली नाहीत. त्याऐवजी हे लिहायला बसले आहे, आणि हे कुठल्याच स्मरणिकेत बसणार नाही याची मला खात्री आहे.

सर नांदेडला आमच्या कॉलेजात मेडिसिनचे प्राध्यापक होते. मूळचे उदगीरकडचे, घरी भुसाराचं दुकान. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, अंगात कडक इस्त्रीचा अॅप्रन आणि हातात रबरी हातोडी. ही हातोडी खरं तर पेशंटच्या गुडघ्यावर मारायची, पण ती आमच्या बोटांच्या पेरांवर जास्त वाजायची. वॉर्डात त्यांच्या चपलांचा आवाज आला की सिस्टर खुर्चीवरून उठायच्या, आम्ही हात पाठीमागे लपवायचो आणि पेशंटचे नातेवाईक उगाचच चादरी सारख्या करायला लागायचे.

त्यांचा सगळा जीव बारा नसांत होता. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. पहिली वास घेते, दुसरी बघते, तिसरी, चौथी आणि सहावी मिळून डोळा फिरवतात, पाचवी चेहऱ्याला स्पर्श कळवते, सातवी चेहरा हलवते, आठवी ऐकते, आणि असं करत करत शेवटची बारावी जीभ हलवते. प्रत्येक तपासायची रीत ठरलेली आहे आणि तिला मशीन लागत नाही. टॉर्च, टाचणी, कापूस, कंप पावणारा लोखंडी चिमटा, झालं. ज्याला या बारा नीट तपासता येतात त्याला मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात बिघाड आहे हे खाटेशेजारी उभं राहून सांगता येतं. सरांना ते येत होतं. मी खोटं कशाला बोलू? तसं दुसऱ्या कुणाला येताना मी आजवर पाहिलेलं नाही.

पण येत होतं म्हणून काय झालं, हाच तर माझा सगळा मुद्दा आहे.

आम्ही थर्ड इयरला असताना पहिल्या नसेचं प्रकरण झालं. ही पहिली नस पोरं तपासतच नाहीत. केस पेपरवर सरळ लिहून टाकतात, वास नॉर्मल. सरांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते त्यावरच टपून बसलेले असायचे. त्या दिवशी त्यांनी गजाननला धरलं. हाच गजानन, आता स्मरणिका काढणारा. त्याला वाटलं आपण हुशार. त्यानं ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलला, म्हाताऱ्या पेशंटच्या नाकाशी धरला, म्हातारा दचकला, आणि गजानन म्हणाला, "सर, वास शाबूत."

"वा, डॉक्टर," सर म्हणाले. ज्याला सोलायचं असेल त्याला ते डॉक्टर म्हणत. "स्पिरिट झोंबतं की नाही? झोंबणं कोण कळवतं? पाचवी. म्हणजे तुम्ही तपासली पाचवी आणि सर्टिफिकेट दिलं पहिलीला." मग त्यांनी खिशातून छोटी बाटली काढली. त्यांच्याकडे कॉफी, लवंग आणि ओवा अशा तीन बाटल्या कायम असत. म्हाताऱ्याचे डोळे मिटायला लावून एकेक नाकाशी धरली. म्हाताऱ्याला काहीच कळेना. त्याला मुळात वास येतच नव्हता.

शिकवण्याची ही उत्तम पद्धत झाली असती, सर इथं थांबले असते तर. पण त्यांनी तो स्पिरिटचा बोळा गजाननच्या नाकपुडीत कोंबला आणि त्याला राउंड संपेपर्यंत वॉर्डाच्या दारात उभं केलं. येणारे जाणारे बघत होते, भेटायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. गजाननच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते फक्त स्पिरिटचं नव्हतं. आज तो हा किस्सा रंगवून सांगतो, सरांमुळे आपण घडलो म्हणतो. मला वाटतं माणसाला आपला अपमान कुठंतरी नेऊन ठेवायचा असतो, तो त्यानं असा ठेवला.

माझी पाळी बाराव्या नसेला आली. "जीभ बाहेर काढा," असं त्यांनी मला सांगितलं, मी काढली, आणि ते जिभेबद्दल बोलत राहिले. ती कुठल्या बाजूला वळली तर काय, थरथरली तर काय, बारीक झाली तर काय. मी मुरुडच्या कापडदुकानदाराची मुलगी, घरात वडिलांसमोर मोठ्यानं बोलायची सवय नाही, आणि इथं साऱ्या पुरुष वॉर्डासमोर जीभ बाहेर काढून उभी. आत घेऊ का, हे विचारायलाही जीभच लागते. शेवटी ते पुढच्या खाटेकडे वळले तेव्हा कुणीतरी मला कोपरानं ढोसलं.

त्यांची आणखी एक सवय होती. पेशंटला ते नावानं हाक मारत नसत. ज्याची जी नस गेली तो त्यांच्यासाठी तो आकडा. "तिसरीला बसवा." "आठवीचं जेवण झालं का?" पहिल्यांदा मला ही गंमत वाटली होती. नंतर लक्षात आलं की त्यांना खरोखरच कुणाचं नाव ठाऊक नसतं.

एकदा ओपीडीत एसटीचा एक ड्रायव्हर आला. मानेला पट्टा, हातात एक्स-रेचा गठ्ठा. मान सरळ ठेवली की त्रास होतो म्हणून गावोगावच्या डॉक्टरांनी त्याच्या मानेवर नाना उपाय केलेले. तो दारातून आत येत होता, डावीकडे तोंड वळवून, आणि सर खुर्चीतून न उठता म्हणाले, "मान चांगली आहे. डावी सहावी." सहावी नस डोळा बाहेरच्या बाजूला वळवते. ती गेली की एकाची दोन दिसायला लागतात, आणि दोनाचं एक करायला माणूस नकळत मान वळवून ठेवतो. ड्रायव्हरला एकाची दोन दिसत होती, हे त्यानं नोकरी जाईल या भीतीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही तोंडात बोटं घातली. त्या दिवशी मला सरांचा मनापासून हेवा वाटला, आणि हे कबूल करताना आजही जड जातं.

आता सोजरबाईबद्दल.

तेव्हा मी इंटर्न होते, सरांच्याच युनिटला. सोजरबाई जळकोटकडची, पण कामाला लातूरला, एका डाळ मिलमध्ये डाळ निवडायला. दिवसभर डाळीतले खडे आणि काळे दाणे वेचायचे. वर्षभरापूर्वी एका सकाळी तिचं तोंड उजवीकडे ओढलं गेलं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली आणि ती परत उठलीच नाही. हसली की अर्धंच तोंड हसायचं, चहा डाव्या कडेनं गळायचा, आणि मुख्य म्हणजे डावा डोळा मिटायचा नाही. झोपेतही उघडा. त्यात मिलमधली डाळीची धूळ. डोळा लाल व्हायला लागला तशी ती बहिणीकडे नांदेडला आली आणि बहिणीनं तिला आमच्याकडे आणलं.

सरांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. दुसरा शब्द नाही त्याला. पंधरवड्यावर परीक्षा आली होती, बाहेरगावचे परीक्षक येणार होते, आणि परीक्षेला केस लागतात. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, डॉक्टरकीच्या परीक्षेत पोरांना खरे पेशंट तपासायला देतात. चांगली लक्षणं असलेला पेशंट मिळाला की त्याला परीक्षेपर्यंत वॉर्डात ठेवून घेतात, जेवण मिळतं, जायचं भाडं मिळतं. हे सगळीकडे चालतं आणि त्यात वाईट काही नाही, पेशंटचं काही बिघडत नसेल तर.

"ही माझी सातवी," सर म्हणाले. रोज सकाळी पोरांचा घोळका घेऊन ते तिच्या खाटेशी यायचे. भुवया वर करा, दात दाखवा, गाल फुगवा, डोळे मिटा. ती मिटायला जायची, उजवा मिटायचा, डावा उघडाच राहून त्यातलं बुबुळ वर जायचं आणि नुसतं पांढरं दिसायचं. पोरं वाकून वाकून बघायची. मग यायचा सरांचा लाडका खेळ. कापसाची बारीक वात करून बुबुळाच्या कडेला लावायची. निरोगी माणसाचे दोन्ही डोळे लगेच मिटतात. तिच्या डाव्या डोळ्याला लावली की तो तसाच, आणि उजवा मात्र मिटायचा.

"स्पर्श आत नेला पाचवीनं, ती जिवंत. मिटायचा हुकूम आणायचा सातवीनं, ती मेली," सर सांगायचे. "एवढी स्वच्छ केस पुस्तकात सापडणार नाही. लावा कापूस, डॉक्टर. स्वतः लावा, बघून येत नसतं."

आणि प्रत्येक जण लावायचा. मिटता न येणाऱ्या, कोरड्या पडत चाललेल्या डोळ्याला, रोज. पाचवी जिवंत होती म्हणजे तिला ते प्रत्येक वेळी टोचत होतं. ती मुठीत चादर धरून बसायची.

पण ती तक्रार करत नव्हती, आणि का करत नव्हती हे एकदा माझ्या कानावर पडलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगत होती, "मोठे सायेब रोज माझाच डोळा बघून राहिले. बाकीच्यायकडं ढुंकून बघत न्हाईत. लई काळजी हाय त्यायला." तिच्या हिशेबानं जितके जास्त डॉक्टर डोळ्यापाशी वाकतील तितका इलाज चालू आहे. इतका इलाज तिच्या गावात कुणाचा झाला नव्हता.

युनिटला निखत मॅडम नावाच्या रेसिडेंट होत्या, नांदेडच्याच. त्यांनी डोळ्यांच्या विभागातल्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं आणि राउंडमध्ये त्या सरांना म्हणाल्या, "सर, बुबुळ कोरडं पडलंय. डोळेवाले म्हणतात, बाहेरच्या कोपऱ्यात पापण्या शिवून घ्या, म्हणजे डोळा झाकला जाईल. नाहीतर जखम होईल."

"शिवल्यावर परीक्षकांना काय दाखवू? शिलाई?"

"सर, डोळा जाईल तिचा."

"मलम घाला. रात्री पट्टी बांधा."

"मलम घालतो सर, पण सकाळी पुसून काढावं लागतं. पोरांना नीट दिसत नाही म्हणून."

"मग दुपारी परत घाला." सर हातोडी तळहातावर वाजवत होते. "आठवडा राहिलाय, निखत. परीक्षा झाली की शिवा नाहीतर विणा, मी अडवणार नाही."

त्यांनी हे सोजरबाईच्या खाटेपाशी उभं राहून सांगितलं. अर्धं इंग्रजीत, म्हणून तिला समजलं नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी सर लेक्चरला गेले असताना निखत मॅडमनी सोजरबाईचा हात धरला आणि तिला सरळ डोळ्यांच्या विभागात नेलं. जाताना मला म्हणाल्या, "कल को आँख गई तो क्या बोलेंगे इसको? इम्तेहान था बोलके?" सर परत आले, खाट रिकामी दिसली, आणि त्यांनी फोन उचलला. पलीकडे कोण होतं ठाऊक नाही, पण सरांचं बोलणं साऱ्या वॉर्डानं ऐकलं. "माझ्या युनिटचा पेशंट आहे. माझ्या सहीशिवाय कुणी सुई लावायची नाही." डोळ्यांच्या विभागाला दुसऱ्या विभागाच्या प्रमुखाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. त्यांनी डोळ्यात थेंब घातले आणि तिला परत पाठवून दिलं.

सोजरबाई खाटेवर बसता बसता निखत मॅडमना म्हणाली, "नगा नेऊ मला कुठं, बाई. मोठे सायेब रागावले की वो. ते करून राहिले ना माझं, मग?" निखत मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचा प्रबंध सरांच्या सहीसाठी अडकून पडला तो तेव्हापासून. त्यांची एक टर्म वाढली. त्यांनी कधी कुणाकडे रड गायली नाही. पुढं त्या गाव सोडून गेल्या.

परीक्षा थाटात झाली. परीक्षक सातवीवर खूश झाले, मान डोलावत सरांना म्हणाले की अशी केस बऱ्याच वर्षांत पाहिली नाही. एकामागून एक पोरं येत होती, गाल फुगवायला लावत होती, कापूस लावत होती. दुपारपर्यंत सोजरबाईनं डोळ्यावर पदर दाबून धरला होता आणि नवा पोरगा आला की ती तो आपणहून बाजूला करायची. संध्याकाळी सर तिच्या खाटेशी आले आणि म्हणाले, "बाई, आज पोरांना पास केलंस तू." पेशंटशी ते गोड बोललेलं मी तेवढंच ऐकलं. सोजरबाई अर्ध्या तोंडानं हसली.

त्यानंतर कोपऱ्यात पापण्या शिवल्या, पण तोवर बुबुळावर जखम झालेली होती. ती भरली ती पांढरा डाग ठेवून, आणि तो डाग नेमका मधोमध बसला.

माझी इंटर्नशिप संपत आली तेव्हा नापास झालेल्यांची परीक्षा जवळ आली आणि सरांनी सोजरबाईला निरोप धाडला. ती लगेच आली. लातूरच्या मिलवाल्यानं तिला कामावरून काढलं होतं, एका डोळ्यानं डाळ निवडताना खडे राहून जात होते. "मोठ्या सायबानं सोता बोलावलं," ती मला सांगत होती. "आता डोळा उघडून देतेत बगा." धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून ती आली होती.

सर घोळका घेऊन आले. तिचा पांढरा पडलेला डोळा त्यांनी पाहिला आणि ते जवळ वाकले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. ते एका विद्यार्थ्याकडे वळले.

"डाव्या डोळ्यानं हिला दिसत नाही. कुठली नर्व्ह?"

"दुसरी, सर. दुसरी गेली."

हातोडी पेरावर बसली. "बघितल्याशिवाय बोलायचं नाही. टॉर्च घ्या. डाव्या डोळ्यावर धरा. डावीकडे नका बघू, तिथं बाहुली दिसणारच नाही. उजवीकडे बघा."

पोरानं पांढऱ्या डोळ्यावर उजेड धरला आणि दुसऱ्या, चांगल्या डोळ्याची बाहुली बारीक झाली. पोरांच्या तोंडून आपोआप आवाज निघाला.

"डावीकडून उजेड आत पोचला, म्हणून उजवी आखडली," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्या दिवसासारखाच उजळला होता. "दुसरी शाबूत आहे. गेली ती पुढची काच. तो आपला विषय नाही."

ते पुढच्या खाटेकडे निघाले. तोवर ज्या माणसाचा हेवा केला त्याच्या पाठीकडे मी बघत होते आणि मला त्याची किळस आली. ती अजून गेलेली नाही, आणि शाल-श्रीफळानं ती जाणार नाही.

"सायेब," सोजरबाईनं मागून हाक मारली. तिनं यापूर्वी त्यांना कधी हाक मारलेली नव्हती. "शाबूत हाय म्हनले न्हवं तुमी? मग दिसंना कसं?"

सर थांबले. वळून तिच्याकडे बघितलं.

"दिवाळीनंतर परत एक परीक्षा आहे," ते म्हणाले. "तेव्हा ये. बघू."

एवढं बोलून ते गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. सोजरबाई मात्र खाटेवर नीट सरसावून बसली, पदर सारखा केला आणि शेजारच्या बाईकडे वळली.

"बगा," ती म्हणाली, "परत बोलावलंय मला. बघतो म्हनले."